पायाचं ऑपरेशन आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर

वेस्ट मांबलम हा चेन्नईतला पायी चालणाऱ्यांचा भाग. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगर आणि रंगनाथन स्ट्रीटची रेटारेटी. पश्चिमेला अयोध्या मंडपम, काशी विश्वनाथर आणि कोदंडरामर यांची देवळं, पूजासाहित्याची दुकानं, घरगुती खाणावळी. मधल्या गल्ल्यांत जुन्या बैठ्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या दोन-तीन मजली इमारती आहेत आणि त्यांतल्या जुन्यांना लिफ्ट नाही. पहाटे दारापुढे पाणी शिंपडून कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, काढायचं, देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालायच्या, घरात तर चपलेचा प्रश्नच नाही. दादर किंवा सदाशिव पेठेतल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. पायाच्या ऑपरेशनचा विषय मी मुद्दाम अशा वस्तीपासून सुरू करते आहे. सर्जनचं काम बहुतेक वेळा तास-दीड तासात संपतं. पुढचे सहा आठवडे ते ऑपरेशन तुमचा जिना, तुमचा संडास आणि तुमच्या घरातली माणसं मिळून पार पाडत असतात. डॉक्टरांच्या खोलीत याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि ऑपरेशन फसलं असं म्हणतात तेव्हा पुष्कळदा घोळ इथेच झालेला असतो.

हात मोडला तर माणूस दुसऱ्या हाताने निभावतो. पायाला तशी सवलत नाही. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि चालताना अख्ख्या देहाचं वजन आळीपाळीने एकेकावर येतं. शिवाय पाऊल हृदयापासून सर्वांत लांब. रक्त तिथे शेवटी पोचतं आणि परत येताना त्याला चढण चढावी लागते. म्हणून पायाची जखम सावकाश भरते आणि सूज महिनोन् महिने रेंगाळते.

मांबलमला पायाच्या दुखण्याचा इतिहासही आहे. टी. नगर वसवलं गेलं ते १९२०च्या दशकात मांबलमचं लांबलचक तळं बुजवून. पश्चिमेकडच्या लेक व्ह्यू रोडचं नाव अजून पाण्याची आठवण ठेवून आहे. सखल जमीन, साचलेलं पाणी आणि डास. मांबलमच्या डासांवर तमिळ माणसांनी पिढ्यान् पिढ्या विनोद केले, पण त्याच डासांमुळे हत्तीपायाची दहशतही होती. एम. सी. सुब्रमण्यम या समाजसेवकाने १९५३ साली वेस्ट मांबलममध्ये लोकांच्या देणग्यांवर पब्लिक हेल्थ सेंटर उभं केलं आणि मध्यमवर्गीयांना परवडणाऱ्या उपचारांचं ते ठिकाण झालं. हत्तीपाय आज आटोक्यात येत असला, तरी आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो अजून भेटतो. ज्यांच्या पायाला जुनी सूज आहे, मग ती हत्तीपायाची असो, व्हेरिकोज शिरांची असो किंवा मूत्रपिंडाच्या आजाराची, त्यांनी ती सर्जनला आधी दाखवायला हवी. सुजलेल्या कातडीतली चीर नीट सांधत नाही. सूज उतरवायला पट्ट्या बांधून दोन-तीन आठवडे थांबणं हाही उपचाराचाच भाग आहे.

ऑपरेशन करायचं का, हा प्रश्न नेमकं दुखतं कुठे यावर ठरतो. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं, चार पावलांनंतर कमी होतं. हे तळव्याच्या पडद्याचं दुखणं, म्हणजे प्लांटर फॅसायटिस. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं हाड दिसतं आणि रुग्ण घाबरून ‘तो काटा काढून टाका’ म्हणतो. असा काटा काहीही न दुखणाऱ्या असंख्य लोकांच्या टाचेत असतो. दहातल्या आठ-नऊ जणांना पोटरीचे ताणाचे व्यायाम, मऊ तळ्याची पादत्राणं आणि सहा ते बारा महिन्यांचा धीर एवढ्याने आराम पडतो. सहा महिने नेटाने हे सगळं करण्याआधीच कुणी टाचेच्या ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. स्टेरॉइडचं इंजेक्शन एखाद्या वेळी ठीक, पण ते वारंवार घेतलं तर पडदा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ग्रॅनाइटच्या किंवा मोझेकच्या फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणं हे या दुखण्याचं खतपाणी. घरात चप्पल चालत नसेल तर फक्त घरात वापरायचा, रस्ता न पाहिलेला एक स्वच्छ जोड ठेवावा. देवघरापाशी तो बाजूला काढला की आजेसासूबाईंचाही आक्षेप राहत नाही.

कुरूप किंवा भोवरी कापून काढली तरी ती दाबाच्या जागीच पुन्हा येते, कारण मूळ दुखणं कातडीत नाही तर खालच्या हाडात किंवा चपलेत असतं. घरी ब्लेडने कापण्याचा उद्योग मधुमेहींनी तर कधीच करू नये.

अंगठ्याच्या बुडाशी येणारी गाठ, डॉक्टरी भाषेत बनियन, ही खरं तर गाठ नसतेच. अंगठ्यामागचं हाड आत सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि मधला कोपरा बाहेर येतो. त्यामुळे ‘गाठ घासून टाकली’ एवढ्याने भागत नाही. बहुधा हाड कापून, सरळ करून स्क्रूने बसवावं लागतं. या एका व्यंगासाठी शंभराहून अधिक पद्धती वर्णिल्या गेल्या आहेत, आणि एवढ्या पद्धती असणं हीच कबुली आहे की एकही पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. तुमच्या सर्जनने कोणती निवडली आणि का, हे विचारा. छोट्या छिद्रांतून करायच्या पद्धतीची जाहिरात जोरात आहे. तिच्यात व्रण लहान राहतो हे खरं, पण हाड जुळायला लागणारा वेळ तेवढाच. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून हे ऑपरेशन करणं मला अजिबात पटत नाही. न दुखणारा वाकडा अंगठा चांगला, दुखणारा सरळ अंगठा नको. आणि काही जणांचा अंगठा वर्षांनंतर पुन्हा कलतो, हेही आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

एक साधी गोष्ट मात्र आग्रहाने मागावी. पायाचा एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. टेबलावर पडून काढलेल्या एक्स-रेमध्ये पायावर भारच नसतो, त्यामुळे हाडांचा खरा कल दिसत नाही. अर्थात फ्रॅक्चर असेल तर गोष्ट वेगळी.

चाकू लागण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री व्हायला हवी: पायात रक्त पोचतंय का, आणि पायाला कळतंय का. पहिलीसाठी डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी चाचपतात. ती लागली नाही तर घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. जुन्या मधुमेहींच्या धमन्या चुन्याने कडक होतात, तेव्हा हाच आकडा १.४च्या वर जातो. तो पाहून ‘उत्तम’ असं कुणी म्हणालं तर थांबा. अशा वेळी पायाच्या बोटातला दाब मोजावा लागतो किंवा डॉपलर करावं लागतं. रक्त पोचत नसेल तर आधी रक्तवाहिनीचा इलाज, मग हाडाचा. कुणी बोट किंवा पाऊल कापायला सांगत असेल, तर सही करण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच: रक्तपुरवठा तपासला का, आणि तो वाढवता येईल का? हा प्रश्न न विचारल्यामुळे बरेच पाय गेले आहेत.

दुसरी गोष्ट कळण्याची. ती जगाला समजावून सांगणारा माणूस चेन्नईहून साधारण १४० किलोमीटरवरच्या वेल्लोरला काम करत होता. डॉ. पॉल ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरुग्णांची बोटं आणि पावलं आपोआप झडतात, ही तोवरची समजूत. ब्रँड यांनी दाखवलं की झडत काही नाही. वेदनाच नसल्यामुळे माणूस खिळ्यावर, गरम फरशीवर, घासणाऱ्या चपलेत चालत राहतो आणि रोज थोडा थोडा पाय गमावतो. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला तिथूनच कुष्ठरुग्णांसाठी पुढे आल्या. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कॅरव्हिलला गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू झालं. आज तुमच्या तळव्याला नायलॉनच्या बारीक तंतूने टोचून ‘कळतंय का?’ असं विचारतात ती दहा ग्रॅमची चाचणी याच विचाराची. ज्याला ती टोचणी कळत नाही, त्याला ऑपरेशननंतर प्लॅस्टर रुतलेलंही कळणार नाही, टाका तुटलेलाही नाही. अशा रुग्णाने ‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’ हा हिशेब पूर्ण सोडून द्यावा आणि पाय रोज डोळ्यांनी पाहावा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा नातवाला कामाला लावावं.

मधुमेहाचा उल्लेख वारंवार येतो आहे, त्याला इलाज नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. गोव्यात हा आकडा २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. चेन्नईने हे संकट लवकर ओळखलं. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहासाठी वेगळा विभाग सुरू केला आणि रोयापुरमला त्यांच्या नावाने असलेलं रुग्णालय आज पायाच्या जखमांसाठी ओळखलं जातं.

मधुमेहीने एक भेद मनात पक्का ठेवावा. ठरवून करायचं ऑपरेशन, म्हणजे अंगठा सरळ करणं, सांधा जोडणं वगैरे, साखर आटोक्यात येईपर्यंत पुढे ढकलावं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात, कारण जंतुसंसर्ग वाढतो आणि हाड जुळायला वेळ लागतो. पण पायात पू झाला, लाली घोट्याकडे सरकू लागली, वास येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, तर ‘साखर खाली आली की बघू’ हे वाक्य जीवघेणं आहे. तो पू काही तासांत बाहेर काढायचा असतो, आणि साखरही त्यानंतरच खाली येते. तिसरा प्रकार फसवा. मधुमेहीचा पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला होतो, पण फारसं दुखत नाही, जखमही नाही. हा शार्को पाय असू शकतो. आतली हाडं मऊ होऊन ढासळत असतात. संसर्ग किंवा गाऊट समजून इथे वेळ जातो. खरा इलाज म्हणजे पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून पूर्ण विश्रांती. पाय तापलेला असताना हाडांचं ऑपरेशन सहसा टाळतात.

औषधांची यादी सांगताना लाजू नये. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि आपल्या मनाने चालूही ठेवायची नाही. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलायला हवं, तुमच्यामार्फत निरोप नकोत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या मधुमेहाच्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी न वाढता. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञाला सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं. काढे, चूर्णं, गुडघेदुखीच्या पुड्या हेही सांगायचं. पुष्कळ पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं निघतं.

तंबाखू हा हाडांचा उघड वैरी. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कापून जोडलेलं हाड जुळत नाही. सिगरेट निदान चार आठवडे आधी सुटायला हवी, आणि हाड जुळेपर्यंत परत धरायची नाही. ‘मी ओढत नाही, फक्त मशेरी लावते’ असं म्हणणाऱ्या बायकांनी हे लक्षात घ्यावं की मशेरीतही तेच निकोटीन आहे.

उपाशी राहण्याचा नियम चेन्नईत हमखास मोडतो तो फिल्टर कॉफीमुळे. घन आहारानंतर किमान सहा तास, नुसत्या पाण्यानंतर दोन तास, असा साधारण हिशेब असतो. दुधाची कॉफी पाण्यात धरत नाहीत, ती आहारात मोडते. सकाळी सातला ऑपरेशन आणि पाचला ‘अर्धा टंबलरच घेतला’ असं म्हटलं की भूलतज्ज्ञ ते पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच असतं. पुण्यातला दुधाचा चहा याला अपवाद नाही. पायाच्या पुष्कळ ऑपरेशनांत घोट्याशी किंवा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन तेवढाच पाय बधिर करता येतो. संपूर्ण भूल नको असेल तर हा पर्याय आहे का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी विचारावं. त्या बधिरपणाचा एक तोटा म्हणजे तो रात्री कधीतरी उतरतो आणि दुखणं एकदम अंगावर येतं. पहिली वेदनाशामक गोळी त्याच्या आधीच, सांगितलेल्या वेळी घ्यायची असते.

आता जोडव्यांबद्दल. तमिळ घरांत मेट्टी, आपल्याकडे जोडवी, दोन्हींकडे ती लग्नात घातलेली आणि बऱ्याच बायकांच्या बोटातून तेव्हापासून न निघालेली. ऑपरेशनच्या टेबलावर पाय सुजू लागला की ती बोटात रुततात, रक्त अडवतात, आणि विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवताना धातू अंगावर नको असतो. आयत्या वेळी कटरने तोडावी लागली की बाई रडवेली होते आणि सासू अपशकुन मोजत बसते. हा प्रसंग आठ दिवस आधी घरीच, साबणाचं पाणी आणि तेल लावून, सावकाश टाळता येतो. निघतच नसतील तर सोनाराकडे जावं. ऑपरेशन झाल्यावर जोडवी घालायची घाई नको, सूज पूर्ण उतरू दे. नेलपॉलिश आणि मेंदीही आधीच उतरलेली हवी, कारण बोटाचा रंग हीच रक्तपुरवठ्याची पहिली खूण असते.

मग ते दुसऱ्या मजल्यावरचं घर. सर्जनला विचारायचा सगळ्यांत मोलाचा प्रश्न हा: पायावर भार कधी आणि किती? ‘काळजी घ्या’ हे उत्तर नव्हे. अजिबात टेकवायचा नाही, फक्त टाच टेकवायची, खास बूट घालून पूर्ण वजन द्यायचं, या तीन वेगळ्या आज्ञा आहेत आणि त्यांवर तुमचं सगळं वेळापत्रक उभं राहतं. कुबड्या किंवा वॉकर ऑपरेशनच्या आधी आणून सराव करावा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. तेही जमत नसेल तर पायरीवर बसून, मागे सरकत एकेक पायरी चढता येते. दिसायला ते शोभत नाही, पण पडण्यापेक्षा बरं. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणावी. दारापुढचं ओलं कोलम, न्हाणीघराचा उंबरठा, स्वयंपाकघरातली सुटी चटई, या ठिकाणी कुबडी घसरते. आणि पाय ‘वर ठेवा’ म्हणजे स्टुलावर ठेवा असं नाही. आडवं पडून, उशांवर, हृदयाच्या पातळीच्या वर. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाचा बहुतेक वेळ असाच जातो. म्हणजे घरात पाणी आणून देणारं माणूस हवं. ते नसेल तर ऑपरेशनची तारीख नको.

तारखेवरून आणखी एक. ठरवून करायचं ऑपरेशन पावसाळा पाहून घ्यावं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर टाळावा हे आपल्याला कळतं, पण चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि २०१५च्या डिसेंबरमध्ये शहर पाण्याखाली गेलं होतं. वेस्ट मांबलमच्या सखल गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचलं की प्लॅस्टरमधला पाय घेऊन ड्रेसिंगला जायचं कसं? पंढरीची वारी किंवा शबरीमलाचं व्रत असेल तर त्याचाही हिशेब उलटा मांडावा. लांब अनवाणी चालण्याआधी किमान सहा महिने तरी हातात हवेत.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. सूज तीन ते सहा महिने, काहींना वर्षभर. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर हाड जुळून ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडी नाही, आणि तोवर स्कूटरही नाही. घरी आल्यावर पोटरी एकाएकी दुखून कडक झाली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ती रक्ताची गुठळी असू शकते. फोन करून विचारत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं. बोटं निळी-पांढरी पडली किंवा प्लॅस्टरखाली दुखणं गोळीलाही दाद देत नसेल, तर तीही त्याच रात्रीची गोष्ट आहे, उद्या सकाळची नव्हे.

ऑपरेशन करणारा कोण, हेही पाहावं. ब्रिटन-अमेरिकेत पायासाठी पोडियाट्रिस्ट ही वेगळी शाखा आहे. आपल्याकडे हाडांचे, रक्तवाहिन्यांचे, प्लास्टिक आणि जनरल सर्जन आपापल्या परीने पाय सांभाळतात. तेव्हा ‘हे ऑपरेशन तुम्ही महिन्यातून किती वेळा करता?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला सर्जन रागावत नाही. विमा असेल तर स्क्रू-प्लेटचा खर्च, खास बुटाचा खर्च आणि नंतर स्क्रू काढावा लागल्यास तो खर्च, हे तिन्ही लिहून घ्या. बूट बहुधा विम्यात बसत नाही. संमतीपत्र तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत मागा. चेन्नईतल्या मराठी घरांत अनेकांना तमिळ बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि सही मात्र खाली त्यांचीच असते.

दोन्ही अंगठे वाकडे असतील तर ‘एकदाच उरकून टाकू’ हा मोह होतो. सुट्टी एकदाच, भूल एकदाच, खर्चही थोडा कमी. पण दोन्ही पाय बांधलेले असताना कुबडी कशाच्या आधाराने धरणार, आणि रात्री संडासला कोण नेणार? जिन्याच्या घरात मी तरी एकेकच पाय सुचवेन, मध्ये किमान तीन ते सहा महिने ठेवून. त्या वेळात पहिल्या पायात कोणती चप्पल जाते, किती चालवतं, काय दुखायचं राहिलं, हे कळतं. दुसऱ्या पायाला खरंच ऑपरेशन लागेल की रुंद पंजाची चप्पल पुरेल, हे त्यानंतर ठरवावं. पुष्कळ जण चप्पलच निवडतात.